गुडघे टेकायचा धडा

आमच्या वहिनीच्या दोन नोकऱ्या होत्या, एक पगाराची आणि एक बिनपगारी. दोन्हीकडे तिचं एकच वाक्य चालायचं: हलायचं नाही.

पगाराची नोकरी हाडांच्या दवाखान्यात, प्लास्टरच्या खोलीत. डॉक्टर हाड जुळवून मोकळे व्हायचे, पुढचं काम वहिनीचं. आधी कापूस गुंडाळायचा, मग पट्टी कोमट पाण्यात बुडवून बेताची पिळायची, भराभर वेढे द्यायचे आणि प्लास्टर घट्ट होईपर्यंत तो हात किंवा पाय नेमका तसाच धरून ठेवायचा. तेवढ्यात मूल हललं की केलेलं सगळं पाण्यात. तीस वर्षांत तिच्या हातचं प्लास्टर कधी सैल पडलं नाही, आणि हे दुसऱ्या कुणी सांगायची वाट ती बघत नसे.

बिनपगारी नोकरी रविवारची. चर्चच्या मागच्या खोलीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग ती घ्यायची. उपासनेत उभं कधी राहायचं, मान कधी वाकवायची, हात जोडायचे की वर करायचे, गुडघे कधी टेकायचे आणि हे सगळं का, ते मुलांना समजावायचं काम पाळकांनी तिच्यावर सोपवलं होतं. मी तिची नणंद. लग्न केलं नाही, भावाच्या घरी राहिले, भाऊ गेल्यावरही तिथेच राहिले. चर्चमधला पियानो आणि वर्गाच्या खोलीतला जुना पियानो, दोन्ही मीच वाजवते, आठवडाभर घरोघरी शिकवण्या करते. भावजयीबद्दल वाकडं बोलायचा हक्क नणंदेला जन्मजात असतो. पण खरं तेच सांगायचं तर वहिनी शिकवायची फार छान.

डोळे का मिटायचे? तर उघडे ठेवले की शेजारच्याचं नाकात गेलेलं बोट दिसतं आणि देवाचा विसर पडतो. हात का जोडायचे? रिकाम्या हातांना खोड्या सुचतात म्हणून. उपासनेत एकमेकांना शांती देण्याच्या वेळी शेजारच्याचा हात हातात का घ्यायचा? कारण ज्याचा हात धरला त्याला त्याच हाताने चिमटा काढता येत नाही. आणि गाताना काही माणसं दोन्ही हात वर का करतात? नुकतं चालायला लागलेलं बाळ आईपुढे उभं राहून हात वर करतं ना, उचलून घे म्हणून, तसे ते हात. इतकी वर्षं प्रवचनं ऐकली, पण हात वर का करायचे ते मला वहिनीनेच सांगितलं.

तिचं म्हणणं असं की शरीर आधी, मन मागून. मन एका जागी थांबत नसेल तर गुडघ्यांना थांबवा, मन दमून येतं परत. मी वाद घातला की म्हणायची, "प्लास्टर बाहेरूनच घालतात, वन्सं. हाड आतून जुळतं." मला राग यायचा.

पण तिच्या वर्गात आणखी एक गोष्ट होती. प्रार्थनेत जो चुळबूळ करेल, खिदळेल, त्याने भिंतीशी जायचं आणि भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसायचं, पुढचं गाणं संपेपर्यंत. ते गाणं मी वाजवत असायचे. कुणाची तक्रार नव्हती. उलट आया म्हणायच्या, घरी आमचं ऐकत नाही, तुमच्याकडे कसा सुतासारखा सरळ होतो. वहिनीला हे ऐकायला आवडायचं. कोणाला आवडत नाही?

या सगळ्यात एकच माणूस तिच्या हाताबाहेर गेला होता, तिचा मुलगा.

माझा हा भाचा फरशा बसवतो. अठराव्या वर्षी घर सोडलं, चर्चही सोडलं. गावोगाव कामं करत फिरला. फोन करायचा तो मला, आईला नाही. वहिनी दाराशी उभी राहून ऐकायची, मग विचारायची, जेवतो का वेळेवर? मी म्हणायचे, विचार की तूच. ती आत निघून जायची. लग्न झालं, मुलगी झाली, ते सगळं आम्हाला असंच फोनवरून, माझ्यामार्फत कळलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला.

गेल्या वर्षी तो बायको-मुलीला घेऊन परत आमच्याच शहरात आला. मुलगी सात वर्षांची, अंगाने एवढीशी आणि एका जागी क्षणभर न टिकणारी. तिला सगळे मुंगी म्हणत. रविवारी सुनेची बेकरीत पाळी असायची. भाच्याला रविवारीच काम जास्त, कारण कचेऱ्या बंद असताना फरशा बसवता येतात. मुंगीला कुठे ठेवायचं हा प्रश्न होता. एका संध्याकाळी तो आमच्या दारात आला आणि आईला म्हणाला, रविवारी सकाळी हिला सांभाळशील का? चर्चला नेलीस तरी चालेल.

वहिनीने पदराला हात पुसले. पुसायला काही नव्हतं, तरी पुसले.

"एकच सांगतो," तो म्हणाला, "तिला गुडघ्यावर बसवायचं नाही. शिक्षा म्हणून नाही, प्रार्थना म्हणूनही नाही. कशासाठीच नाही."

वहिनी बरं म्हणाली. सोळा वर्षांनी मुलगा स्वतःच्या पायांनी दारात आला होता. त्याने छपरावर चढून दाखव म्हटलं असतं तरी ती बरं म्हणाली असती. त्या रात्री तिने मला सांगितलं की ही पोर रविवारी येत राहिली तर एक दिवस तोही येईल. तिला दुसरं काही नको होतं.

मुंगी चार रविवार आली. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, देवाला डोळे मिटलेले कसे कळतात, तो मागे बसला असेल तर? दुसऱ्या रविवारी, मान खाली घातल्यावर डोक्यातले विचार सांडत नाहीत का? वहिनी हसू दाबत उत्तरं द्यायची. हात वर करायचं गाणं मुंगीला इतकं आवडलं की ते संपल्यावरही तिचे हात खाली येत नसत. पापकबुलीच्या प्रार्थनेला बाकीची मुलं गुडघे टेकत, तेव्हा वहिनी तिला बाकावर बसवून ठेवायची. मुलांना तिने सांगितलं होतं, मुंगीच्या पायाला त्रास आहे. खोटं बोलली. हाडांच्या दवाखान्यात आयुष्य काढलेल्या बाईचं खोटं मुलांनाही पटलं.

पाचव्या रविवारी मुलांच्या उपासनेची तालीम होती. वर्षातून एकदा मुलं मोठ्यांपुढे उभी राहतात, प्रत्येक कृती करून दाखवतात आणि तिचा अर्थ सांगतात. वहिनीची ती परीक्षाच. ओळ लावली, उभं राहणं झालं, मान झाली, हात झाले. मग गुडघे. सगळे खाली गेले आणि मुंगी ओळीच्या मधोमध एकटी उभी राहिली. शेजारची मुलगी म्हणाली, ही तर मघाशी अंगणात उड्या मारत होती. हिला नाही तर आम्हाला का? दोघी-तिघी उठल्या, कुणीतरी फिस्सकन हसलं आणि ओळ मोडली.

वहिनीने मुंगीच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबला.

रागाने नाही. मी बघत होते, चेहऱ्यावर राग नव्हता. तीस वर्षं हलणारी पोरं जागेवर दाबून धरणारा हात तो, तो आपोआप गेला. मुंगी खाली बसली, आणि गुडघ्यांवरच सरकत सरकत भिंतीकडे वळली. तिने चार रविवार जे पाहिलं होतं त्यावरून तिला हेच ठाऊक होतं की कुणी बसवलं की तोंड भिंतीकडे करायचं.

"आजी, मी काय केलं?" तिने भिंतीला विचारलं.

वहिनी म्हणाली, काही नाही केलंस, ही शिक्षा नाही, ही प्रार्थना आहे. मुंगीने जरा विचार केला. मग म्हणाली, "भिंतीशी बसवतेस ते पण प्रार्थना करत असतात का?"

खोलीतली सगळी मुलं वहिनीकडे बघू लागली. मुलांना समजेल असं उत्तर कायम तयार असणारी ती बाई पुढ्यातली पुस्तकं सारखी करायला लागली. मी पुढचं गाणं सुरू केलं. वेळ निभावून न्यायला पियानो बरा पडतो.

संध्याकाळी भाचा आला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. "तुला एकच गोष्ट सांगितली होती," एवढंच म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी मुंगी आली नाही. कळलं की तो तिला कामावर घेऊन जातो, सिमेंटच्या धुळीत पालथ्या बादलीवर बसवून ठेवतो.

आता त्याचं मूळ सांगायला हवं. भाचा नऊ वर्षांचा असताना सकाळच्या घरच्या प्रार्थनेत हसला होता. कशाला हसला, ते त्यालाही आठवत नाही. वहिनीने त्याला मधल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर बसवलं आणि "मी उठवेपर्यंत उठायचं नाही" म्हणून सांगितलं. दहा मिनिटांत दवाखान्यातून बोलावणं आलं. कारखान्याची बस उलटली होती, बावीस माणसं हात-पाय मोडून आली होती. वहिनी धावली. भाऊ कामासाठी बाहेरगावी होता. मी शिकवण्यांना गेले होते, असं सगळेच धरून चालत. वहिनी परत आली तेव्हा दुपार टळून गेली होती, आणि पोर तिथेच होतं. बसल्या जागी कपडे ओले केले होते, पण उठलं नव्हतं. कारण उठवलं नव्हतं.

वहिनी तेव्हा त्याला म्हणाली, "अरे वेड्या, उठायचं नाही का?"

गुडघ्यावर बसवलं याचं त्याला एवढं नव्हतं, भाच्याने मला कितीदा तरी सांगितलं होतं. आईने सांगितलेलं तंतोतंत पाळलं आणि आईनेच वेडा ठरवलं, ते त्याला विसरता आलं नाही. ती विसरली होती, एवढंच तिने म्हणायचं होतं. तिने म्हटलं नाही. त्यानंतर त्याने चर्चमध्ये कधी गुडघे टेकले नाहीत. सगळे उभे राहिले की तो बसायचा, बसले की उभा राहायचा, आणि पुढे यायचाच बंद झाला.

दोन रविवार मुंगीशिवाय गेले. वहिनीचं जेवणावरून मन उडालं. वर्गात एक पोरगं प्रार्थनेत खिदळलं तेव्हा सवयीने ते स्वतःच उठून भिंतीशी निघालं. तिने त्याला हाताला धरून जागेवर आणून बसवलं. घरी आल्यावर म्हणाली, "वन्सं, चला माझ्याबरोबर. एकटीला धीर होत नाही."

बंद कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर भाचा काम करत होता. गुडघ्यांना जाड पॅड बांधलेले, दोन्ही गुडघे जमिनीवर, पुढे वाकून रबरी हातोडीने फरशीचे कोपरे ठोकत होता. दिवसभर असाच असतो तो. मुंगी बादलीवर बसून त्याला फरशांमध्ये घालायचे प्लास्टिकचे तुकडे एकेक करून देत होती. आम्हाला बघून तिने हात हलवला, मग बापाकडे पाहून खाली घेतला.

वहिनी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मग भिंतीचा आधार घेत खाली वाकायला लागली. तिचा इरादा माझ्याही लक्षात आला आणि त्याच्याही.

"गुडघे टेकू नकोस," तो म्हणाला. "मला ते बघायचं नाही. काय सांगायचं ते उभ्याने सांग."

ती सरळ झाली. तिला हात कुठे ठेवावेत ते कळेना. जोडले, सोडले, पदर धरला, सोडला. प्रत्येक भावनेला एक कृती नेमून देणाऱ्या बाईला कृतीशिवाय बोलायची वेळ आली होती, आणि बघणाऱ्या मला तिची दया आली.

"मी तुला विसरले होते," ती म्हणाली. "बावीस माणसांत मला तू आठवलाच नाहीस. घरी आले आणि तू दिसलास तेव्हा मला माझी लाज वाटली. ती मी तुझ्यावर ढकलली."

भाच्याने फरशीवर पातळीची पट्टी ठेवली, तिच्यातल्या बुडबुड्याकडे बघत राहिला, कोपरा एकदा ठोकला.

"मला सांगून काय उपयोग, आई," तो शेवटी म्हणाला. "मला माहीतच आहे. जी मुलं भिंतीशी बसतात त्यांना सांग. मुलांच्या उपासनेत, सगळ्यांसमोर सांग. मग बघू."

वहिनी जिना उतरताना कठड्याला धरून उतरली. तिचं नाव काय, मान काय, सगळं त्या एका वर्गावर होतं. आयांच्या देखत हे बोलायचं म्हणजे पंचवीस वर्षांची कमाई स्वतःच्या हाताने मातीत घालायची. मी म्हटलं, वहिनी, पाळकांना एकांतात सांग, तेवढं पुरे. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही असता तर एकांतात सांगितलं असतं का?" मी पुढे होऊन भराभर चालू लागले.

मुलांच्या उपासनेला चर्च भरलं होतं. मुलांनी एकेक कृती करून दाखवली. उभं राहणं, मान, डोळे, हात. हात वर केले तेव्हा मागच्या बाकांवरची दोन म्हातारी माणसंही हात वर करून उभी राहिली. गुडघ्यांची पाळी आली तशी वहिनीने मुलांना थांबवलं आणि बसायला सांगितलं. दाराशी भाचा उभा होता, कामाच्या कपड्यांत, मुंगीचा हात धरून. सोळा वर्षांत पहिल्यांदा तो त्या दारात आला होता.

वहिनीने मुलांना सांगितलं की गुडघे टेकणं ही माणसाने आपणहून करायची गोष्ट आहे. दुसऱ्याने दाबून बसवलं तर ते नुसतं बसणं, त्यात प्रार्थना नाही. मग म्हणाली, मी तुम्हाला भिंतीशी बसवत आले, ते चुकलं. आता मी कुणाला बसवणार नाही. ज्याला वाटेल त्याने टेका, ज्याला वाटणार नाही त्याने उभं राहा, देवाला दोघंही दिसतात. आणि मग तिने ते सगळं सांगितलं. मुलाला कसं बसवलं, कशी विसरले, परत येऊन काय बोलले. "वेड्या" हा शब्दही सांगितला. आवाज दोनदा गेला, तिने तो दोनदा परत आणला. आयांच्या रांगेत कुजबुज झाली आणि थांबली. मुलं मात्र तोंड उघडं टाकून ऐकत होती, कारण मोठं माणूस चूक सांगतंय हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

शेवटी तिने नेहमीसारखं विचारलं, कुणाला काही विचारायचंय?

दारातून मुंगीचा हात वर झाला. "पण बाबाला दुसऱ्या कुणी का नाही उठवलं?"

"घरात कुणी नव्हतं," वहिनी म्हणाली.

हे म्हणताना तिने पियानोकडे पाहिलं नाही, आणि तेवढ्यावरून मला कळलं की तिला माहीत आहे. त्या दिवशी ती दवाखान्यातून परत आली तेव्हा दारात माझ्या चपला होत्या. तिने त्या पाहिल्या असणार. पंचवीस वर्षं तिने मला एका शब्दाने विचारलं नव्हतं.

मी त्या दिवशी अकरा वाजताच घरी आले होते. शिकवणीचं घर बंद निघालं. मधल्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसला. पाठ माझ्याकडे होती. मी म्हटलं, आई-मुलाच्या मध्ये आपण कशाला पडा, उगीच वहिनीशी वाजायचं. चपला दाराशी काढल्या, पावलांचा आवाज न करता माझ्या खोलीत गेले आणि दार लावून झोपले. मध्ये एकदा उठले तेव्हा तो रडत होता. मी पुन्हा आडवी झाले.

"मी होते," मी म्हटलं. पियानोच्या बाकावरूनच म्हटलं, पण चर्च इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं. "मी घरात होते. मला दिसत होतास तू, आणि रडताना ऐकूही येत होतं. मी उठवलं नाही."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. एवढी वर्षं फोनवर जो आत्या म्हणायचा, त्याची नजर अशी कधी माझ्याकडे आली नव्हती. मग पाळकांनी प्रार्थना सुरू केली. काहींनी गुडघे टेकले, काही उभे राहिले. मी कुणाकडेही बघू शकले नाही.

उपासना संपल्यावर तो पुढे आला. वहिनी मुलांची पुस्तकं गोळा करत होती. "पुढच्या रविवारी हिला किती वाजता आणू?" त्याने आईला विचारलं.

ती साडेआठ म्हणाली. त्याने मान डोलावली आणि मुंगीला घेऊन निघाला. पियानो दाराच्या वाटेवरच आहे, त्याच्या कडेनेच जावं लागतं. मी त्याला हाक मारली. तो थांबला नाही.